केरबानं बांधलेलं इंजिन

नांदेडला देगलूर नाक्यावर माझं पॅकिंगचं दुकान आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, जीप, कशाचंही गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसणारं पॅकिंग मागा, माझ्याकडे मिळतं. नसलं तर पत्रा कापून करून देते. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले होते, बाईमाणसाला ऑइल-ग्रीसचा धंदा झेपायचा नाही. तेच दीर आता दुपारी माझ्या दुकानात पंख्याखाली झोपायला येतात. ते असो. गोष्ट माझी नाही, शेजारच्या गॅरेजातल्या केरबाची आहे. ती सांगताना माझं डोकं तापतं, हे आधीच सांगून ठेवते.

केरबा कंधारकडच्या खेड्यातला, बौद्ध वस्तीतला. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबायचे. पोरगा ट्रॅक्टर धुवायला म्हणून नांदेडला आला आणि इंजिनाच्या नादी लागला. त्याचा भागीदार बालाजी नायगावचा, घरी चांगली काळी जमीन, पण नांगरापेक्षा पाना आवडणारा. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले. उस्ताद गेल्यावर दोघांनी मिळून गॅरेज टाकलं. जागा बालाजीची, इंजिनाचं काम केरबाचं. पाटीवर नाव मात्र एकट्या बालाजीचं. मी एकदा केरबाला टोकलं, तर म्हणाला, "आक्का, पाटी वाचून इंजिन चालू होत नसतं."

त्याची कामाची रीत मी रोज बघायची. व्हॉल्व्ह घासून झाले की तो हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उलटं ठेवून त्यात रॉकेल ओतायचा आणि घरी जायचा. सकाळी खाली थेंब दिसला की पुन्हा घासायला बसायचा. गिऱ्हाईक कितीही ओरडो. "थेंब म्हंजी थेंब हाय," एवढंच बोलायचा. त्यानं बांधलेलं इंजिन दुरुस्तीला परत आलं, असं मी तरी पाहिलं नव्हतं. लोहा, मुखेड, भोकर, कुठून कुठून माणसं यायची. इंजिन त्याच्याच हातचं पाहिजे असायचं त्यांना. त्यातले काहीजण पाणी मात्र घरून आणलेल्या बाटलीतलं प्यायचे. केरबाला ते दिसायचं. एवढं खरं, की या जगात त्याची सगळी इज्जत त्याच्या हातावर उभी होती. हात चुकले असते तर त्याला सांभाळून घेणारं दुसरं काहीच त्याच्याकडे नव्हतं. ना जमीन, ना जात, ना पाटी.

दोघांचा एक रिवाज होता. दसऱ्याला केरबा नागपूरला दीक्षाभूमीला जायचा, अष्टमीच्या संध्याकाळच्या गाडीनं. बालाजी मागे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायचा. सगळे पाने, जॅक, हातोड्या रॉकेलनं धुवायच्या, पाटावर मांडायच्या, हळदीकुंकू, झेंडू. एकदा मांडलं की दसरा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. आमच्या नाक्यावर सगळेच पाळतात. मीही माझी कात्री आणि गॅस्केटला भोकं पाडायच्या लोखंडी ठशांचा संच पूजेत ठेवते.

लातूरचे श्रीशैल सर खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. त्यांना गाड्यांच्या शर्यतींचं वेड. पोटासाठी नाही, हौस म्हणून. त्यांनी हैदराबादहून एक जुनी विलायती गाडी आणली होती, साठ-बासष्ट सालची, दोन सीटची, टप नसलेली, एवढीशी. उंदरांनी आत संसार मांडलेला. त्यांच्या वडिलांच्या जीपचं इंजिन पूर्वी केरबानं बांधलेलं, म्हणून गाडी थेट नाक्यावर आली. दिवाळीच्या आधी तामिळनाडूत हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांची शर्यत होती, तीत सरांना उतरायचं होतं.

"मामा, होईल का?" त्यांनी विचारलं.

केरबानं बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. "व्हईल. पण घाई करू नका," तो म्हणाला.

त्या पावसाळ्यात केरबा दुसऱ्याच जगात होता. पार्ट मिळत नव्हते. सिलिंडर बोअर करून घेतले, दुसऱ्याच गाडीचे पिस्टन आणून लेथवर उतरवले. क्रँक घासायला हैदराबादला पाठवला, आला तो पसंत पडला नाही, पुन्हा पाठवला. ताकद वाढावी म्हणून हेड घासून खाली घेतलं. हेड गॅस्केट तर बाजारात नव्हतंच. ते मी तांब्याच्या पत्र्यातून कापलं. पहिलं त्यानं परत दिलं, दुसरंही दिलं. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "केरबाभाऊ, हे घ्या, नाहीतर पत्रा डोक्यात घालीन." तो हसला आणि घेऊन गेला. साठीला आलेल्या माणसाला मी तसं पहिल्यांदाच बघत होते. ट्रॅक्टर तो पोटासाठी बांधायचा. हे इंजिन तो स्वतःसाठी बांधत होता.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं ते अष्टमीच्या दुपारी. अख्खा नाका गोळा झाला. बालाजीनं पेढे वाटले. पण तांब्याचं गॅस्केट एकदा तापलं की दबतं, आणि हेडचे नट सैल पडतात. इंजिन पूर्ण थंड झालं की ते पुन्हा आवळावेच लागतात. केरबाची गाडी संध्याकाळची होती. पिशवी खांद्यावर टाकता टाकता तो बालाजीला म्हणाला, "सकाळी थंड झालं की नट पुन्हा आवळ. मधून सुरुवात कर, मग भाईर. इसरू नको."

"हाव. जा तू," बालाजी म्हणाला. हे मी कानांनी ऐकलं. त्यानंतर मी दसऱ्यासाठी उदगीरला माहेरी गेले.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण इथंच सांगते. बालाजीनं त्याच संध्याकाळी हत्यारं धुवून पाटावर मांडली. सकाळी आठवण झाली तेव्हा पाने झेंडूखाली होते. घरातली बाया-माणसं नमस्काराला येऊन गेली होती. पाना उचलावा तर पूजा मोडते. शेजारून मागून आणावा तर शेजाऱ्याचाही पूजेत. उद्या बघू, असं त्यानं ठरवलं. उद्या म्हणजे दसरा, आणि सरांनी पाठवलेला ट्रक उजाडतानाच दारात उभा. ड्रायव्हरला लांब जायचं होतं. बालाजीनं गाडी चढवून दिली. दुपारी केरबाचा नागपूरहून फोन आला, मागे गर्दीचा आवाज.

"आवळले का?"

"हाव, आवळले," बालाजी म्हणाला.

एवढंच. 'नाही' म्हणाला असता तर केरबानं सरांना फोन केला असता, तिकडे कुणीही आवळून दिले असते. पण सणाच्या दिवशी कोण शिव्या खाणार.

शर्यतीत गाडी सुरुवातीला चांगली पळाली म्हणे. मग हेडमधून उकळतं पाणी फुटलं. ते सरांच्या पायांवर आलं आणि मागच्या चाकांखाली गेलं. वळणावर गाडी घसरली ती भिंतीवर. सरांचा उजवा कोपर चुरा झाला, पायांची कातडी सोलून निघाली. तिथल्या मेकॅनिकनं पाहिलं आणि सांगितलं, हेडचे नट सैल होते. ब्लॉक फुटला होता. तो तिकडेच भंगारात गेला, तपासायला काही उरलं नाही.

बातमी आली तेव्हा मी दुकानात होते. केरबा बालाजीसमोर उभा होता.

"बाला, तू आवळले व्हते ना?"

आता तरी खरं बोलायचं. पण नाही. बालाजी म्हणाला, "म्या आवळलेच की. पन आवळताना वाटलंच मला, आधीच कायतरी गडबड झाली. दोन स्टडचे आटे गेल्यावानी लागले."

हेडचे नट ज्या स्टडवर बसतात त्यांचेच आटे गेले होते म्हणजे चूक बांधणाऱ्याची. बालाजीनं एका वाक्यात स्वतःचं पाप केरबाच्या पदरात टाकलं, आणि केरबानं ते पदरात घेतलं. तीस-पस्तीस वर्षांचा दोस्त खोटं कशाला बोलेल?

मग लोकांच्या जिभा सुटल्या. जे बाटली घरून आणायचे ते आता म्हणू लागले, "किती केलं तरी ह्यांचं काम असंच असतंय." पस्तीस वर्षांत परत न आलेली इंजिनं कुणाला आठवली नाहीत. मी दोघातिघांना दुकानातून हाकललं. त्यानं काय होतं? तोंडं रस्त्यावर जाऊन बोलतात.

पण लोकांनी जेवढं वाईट केलं नाही तेवढं केरबानं स्वतःचं केलं. जीपचं हेड बसवायचा, आवळायचा, पुन्हा खोलायचा, पुन्हा आवळायचा. एकदा भीतीनं इतकं आवळलं की स्टड मोडून हातात आला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. केरबानं ताकच सोडलं. एके दिवशी पाना बालाजीच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई राहिला. कुनाचा जीव जाईल." बालाजीनं थांबवलं नाही.

मुदखेड रोडला भंगाराचं गोडाऊन आहे, त्याच्या गेटवर केरबा राखणदार झाला. दिवसभर घणानं इंजिनं फुटायची, आणि हा तिथं खुर्ची टाकून बसलेला. मी कधी त्या बाजूला गेले की थांबायची. तो फक्त सरांचं विचारायचा. "कोपर वाकतो का आता? फळ्यावर लिवता येतं का?" येत नव्हतं. सर डाव्या हातानं लिहायला शिकले होते. हे ऐकून तो मान खाली घालायचा. बालाजी महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या घरी फळं घेऊन जायचा, आणि लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी.

यंदा उन्हाळ्यात केरबाला पोटाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याच सुमारास एका दुपारी बालाजी माझ्या दुकानात येऊन बसला. पॅकिंगचा एक तुकडा बोटांत फिरवत राहिला आणि मग सगळं बोलला. पूजा, ट्रक, फोन, आटे.

माझ्या हातात ठसा होता. तो फेकून मारावा असं मला वाटलं, खरंच वाटलं. मी म्हटलं, "मला कशाला सांगतोस? मी काय तुझा देव आहे? त्याला सांग. आज सांग."

"आक्का, आता त्याला कशाला तरास? मरनाच्या दारात हाय."

"त्रास त्याला की तुला? चल ऊठ."

मी त्याला रिक्षात घालून नेलं. केरबाची बायको पारूबाई दारात ज्वारी निवडत होती. आत केरबा खाटेवर, चादरीखाली काही आहे की नाही असं वाटावं इतका वाळलेला. बालाजी खाली बसला आणि जमिनीकडे बघत बोलला. या वेळी त्यानं काही लपवलं नाही, एवढं म्हणावं लागेल.

केरबानं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हंजी पाना लावलाच न्हाईस?"

"न्हाई."

"आन् आटे?"

"आटे गेल्याचं खोटंच बोललो. म्या बघितलेच न्हाईत." बालाजी रडत होता. "माफ कर रे केरबा." त्यानं पायांना हात लावायला हात पुढे केला. केरबाच्या अंगात कूस बदलायचं बळ नव्हतं, पण त्यानं पाय आखडून घेतले.

"पाच वर्सं मी त्या गेटावर बसून राहिलो. तू संत्री आनून राहिला," तो म्हणाला. दम लागला म्हणून थांबला. "माफी तवा मागायची व्हती. आता माज्याकडं तेवढा येळ न्हाई. जा."

बालाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं. तो गेल्यावर पारूबाईनं त्यानं आणलेली फळांची पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. केरबा छताकडे बघत होता. मग म्हणाला, "आक्का, मंग ते इंजिन बरोबर बांधलं व्हतं म्या."

"बरोबरच बांधलं होतं, केरबाभाऊ," मी म्हटलं. कुणाचंही मरण मी कोरड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, नवऱ्याचंसुद्धा. त्या दिवशी मात्र मी पारूबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ज्या हातांचा भरवसा त्याला परत मिळाला, त्या हातांनी आता पाण्याची वाटी उचलत नव्हती.

मी सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते लातूरहून आले. केरबाशेजारी बसून त्यांनी डाव्या हातानं त्याचा हात धरला, आणि दोघं त्या गाडीबद्दलच बोलले. पिस्टन कसे उतरवले, क्रँक परत का पाठवला. केरबा तुटक तुटक बोलायचा, सर वाक्य पुरं करायचे. त्यानंतरच्या आठवड्यात केरबा गेला. तोवर शुद्धीत असला की पारूबाईला तेच सांगायचा, पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ती हाव हाव म्हणत बसायची.

मयतीला बालाजी आला होता. वस्तीच्या बाहेर रस्त्यावर उभा राहिला, आत कुणी बोलावलं नाही. काही दिवसांनी माझ्या दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाला, "आक्का, तू शेवटपर्यंत जाऊन राहिली व्हतीस. माज्याबद्दल कायतरी बोलला असंल ना? शिव्या दिल्या असल्या तरी सांग."

खोटं बोलून त्याला बरं वाटायला लावणं सोपं होतं. पण त्या एका सवयीनं माझ्या शेजारचा माणूस खाल्ला होता. मी म्हटलं, "नाही. इंजिनाबद्दल बोलला. तुझं नाव एकदाही घेतलं नाही."