आईच्या वेदनेचा आकडा

बाबांची बायपास झाली तेव्हा मी एम.एस्सी.ला होते आणि प्रत्येक गोष्टीचा तक्ता करत असे. द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरात तेव्हा एक वही सुरू झाली: पावले, झोप, आणि शून्य ते दहाच्या मापात वेदना. दोन वर्षांनी आईचीही तीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी त्याच वहीची कोरी पाने वापरली. तुलना आयतीच हाती आली होती.

बाबांचा आकडा बहुधा आठ असे. विचारण्याआधीच ते तो सांगत. खोकताना छातीशी धरायला आईने त्यांना जुन्या सुती साडीची छोटी उशी शिवून दिली होती. आता ती उशी आईकडे आली. तिचा आकडा दोन, कधी एक. पावले बाबांच्या दुप्पट. आई झपाट्याने बरी होत आहे, असा निष्कर्ष मी ठळक अक्षरांत लिहिला.

इस्पितळाच्या सूचनापत्रात दाढी कधी करावी, स्कूटर कधी चालवावी, हे होते. वेणी कधी घालावी, कणीक कधी मळावी, ब्लाउजचे हूक नेमके टाक्यांवर येतात त्याचे काय करावे, याबद्दल अक्षरही नव्हते. हात वर नेणे तिला जमत नसल्याने वेणी मी घालू लागले. त्या सकाळी अजून आठवतात: गॅलरीतले कोवळे ऊन, खोबरेल तेलाचा वास, पाठमोरी बसलेली आई. "सैल घालतेस," ती रोज म्हणायची. शाळेत असताना तिने घट्ट वेणी घातली की मी रडायचे, हे ती सोयीस्कर विसरली होती.

पाचव्या आठवड्यात वेणी घालतानाच तिला खोकला आला. मी मागून हात घालून उशी धरायला गेले, तर माझ्या तळव्याखाली छातीचे हाड टक् करून सरकले.

"हे कधीपासून?"

"मागच्या रविवारी आत्या वगैरे आले होते ना, तेव्हा चहाचं मोठं पातेलं उचललं. तेव्हापासून."

"आणि मला दोन सांगत होतीस?"

"तू विचारतेस कधी? सगळे बसलेले असताना. भेटायला आलेल्या माणसांसमोर आठ म्हणू?"

मी मोजलेली पावले स्वयंपाकघर ते दिवाणखाना अशी होती. बाबांना भेटायला आलेल्यांना आईने चहा केला होता. आईला भेटायला आलेल्यांनाही आईनेच.

सर्जननी तपासून सांगितले, "ऑपरेशनमध्ये कापलेलं हाड नीट जुळलेलं नाही. दीड महिना काहीही उचलायचं नाही. तरीही जुळलं नाही, तर छाती पुन्हा उघडावी लागेल." परतताना रिक्षात आईच्या मांडीवरची पिशवी बाबांनी स्वतःकडे घेतली.

रविवारी चांदवडहून आत्या पुन्हा आली, घरच्या कांद्यांची पिशवी घेऊन. आई सवयीने उठू लागली.

"बस तू," बाबा म्हणाले आणि स्वतः ओट्याकडे वळले.

"अगं बाई, दादा चहा करतोय! वहिनी, लय मोठं ऑपरेशन झालं म्हणायचं तुमचं."

"तिला परत कापायचं नसेल, तर मीच करणार. साखर किती?"

"तुझ्या हातचा हाय ना? मग जास्तच टाक."

चहा काढ्यासारखा झाला. आत्याने पहिल्याच घोटाला केलेले तोंड पाहून आईने उशी छातीशी आवळली. "अहो वन्सं, हसवू नका, दुखतंय!"

"किती?" मी सर्वांसमोर विचारले.

तिने एकदा आत्याकडे पाहिले. "सात."

तिच्या पानांवरचा मला खरा वाटणारा पहिला आकडा तो.

त्यानंतर दीड महिना आलेल्या प्रत्येकाने बाबांचा चहा प्याला. मुदत संपल्यावर सर्जननी आईच्या छातीवर हात ठेवून तिला खोकायला सांगितले. एकदा, पुन्हा एकदा. काहीही सरकले नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वेणी स्वतःच घातली, घट्ट. तेलाची बाटली हातात घेऊन मी गॅलरीत उगीच थोडा वेळ उभी राहिले.