आतोबांचे गुडघे आणि लांबूचा समुद्र

आमच्या आतोबांनी उभा जन्म लष्करात ट्रक चालवला आणि उभा जन्म शेजारच्या सीटवरच्या लांबूचा हेवा केला. लांबू त्यांचा जोडीचा ड्रायव्हर आणि जिवलग मित्र. त्याला उंची होती, भरघोस केस होते, शिवाय गाता गळा. आतोबांना यातलं काही नव्हतं. त्यांना फक्त लांबू होता.

"त्याचं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नाही," आतोबा म्हणत. "इतकं चांगलं का व्हावं, एवढंच म्हणणं आहे."

एकदाच त्यांनी लांबूवर कडी केली होती. निवृत्तीच्या वेळी लष्करी डॉक्टर तपासतात आणि नोकरीत शरीराची जी झीज झाली असेल, तिच्यापोटी पेन्शनमध्ये भर पडते. आतोबांनी पाठ, कान आणि दोन्ही गुडघे असे काही कण्हून दाखवले, की डॉक्टरांनीच त्यांना हात धरून बसवलं. दुखणं खरं होतं, पण मीठमसाला सढळ. लांबूने मात्र "मी ठणठणीत" म्हणून छाती पुढे काढली आणि साधी पेन्शन घेऊन घरी गेला. "उंच इमारत, वरचा मजला रिकामा," हे आतोबा पुढे वर्षानुवर्षं चवीने सांगत.

आणि मग हाच लांबू परदेशात समुद्रकाठी राहायला गेला. आतोबांची जेवणावरची वासना उडाली.

"त्याला व्हिसा मिळतो, मग मला का नाही मिळणार? पेन्शन माझी जास्त!"

"त्यांच्या बायकोचीही पेन्शन आहे," आत्या म्हणाली. "मला नोकरी करू दिली असतीत, तर आज मीही समुद्रावर चपला हातात घेऊन हिंडले असते."

आतोबांनी ते डाव्या कानाने ऐकलं, म्हणजे ऐकलं नाही.

व्हिसाच्या मुख्य अटी दोन. पेन्शन ठरावीक रकमेच्या वर हवी. ती आतोबांची जेमतेम होती. आणि खासगी आरोग्य विमा हवा, कारण लष्करी दवाखान्याचं फुकट औषधपाणी सरहद्दीपलीकडे चालत नाही. म्हणून मी त्यांना विमा कंपनीत घेऊन गेलो. तिथल्या बाईंनी निवृत्तीची कागदपत्रं शांतपणे वाचली.

"काका, आधीपासूनची दुखणी आम्ही धरत नाही. पाठ गेली, कान गेला, गुडघे गेले."

"मग राहिलं काय?"

बाईंची नजर आतोबांच्या डोक्याकडे गेली. "केससुद्धा नाहीत, काका."

"आणि नुसता विमा चालणार नाही," त्या पुढे म्हणाल्या. "तुम्हाला जायचंय त्या देशाला सगळी दुखणी धरलेला विमा लागतो."

"अहो, तसं काही दुखत नाही मला," म्हणत आतोबा उठले आणि त्या कार्यालयात, पंख्याखाली, त्यांनी बैठका मारायला सुरुवात केली. रांगेतली माणसं मोजू लागली. एका आजोबांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"छान," बाई म्हणाल्या. "मग लष्कराकडून बरे झाल्याचा दाखला आणा. तो आला की विमा देऊ. तुमची जादा पेन्शन मात्र बंद होईल."

आतोबा बैठकीतच थांबले. जादा पेन्शन ठेवली तर विमा नाही. ती सोडली तर उरलेली पेन्शन व्हिसाला पुरत नाही. मग ते कंबर धरून, "आई गं" म्हणत, मोठ्या कौशल्याने खुर्चीत बसले.

रस्त्यात ते एवढंच बोलले, "त्या गाढवाने खरं सांगितलं. शिकवलं कोणी त्याला?"

संध्याकाळी लांबूचा व्हिडिओ कॉल आला. मागे निळं पाणी.

"काय गड्या, कधी येतोस? शेजारचं घर रिकामं आहे."

आतोबा गुडघे चोळू लागले. आत्याने फोन ओढून घेतला. "भावजी, यांची फार इच्छा आहे हो. पण मला खारी हवा सोसत नाही. सर्दी होते."

आत्याला जन्मात सर्दी झालेली नाही. आतोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात तिकडे कोणाचा तरी चेंडू आला. लांबू फोन कठड्याला टेकवून त्यामागे धावला. वाळूतून, अनवाणी, हरणासारखा. आतोबा पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"अगं," ते हळूच म्हणाले, "जरा लंगडतोय का गं तो?"

आत्याने पदराने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि नीट निरखून पाहिलं.

"किंचित," ती म्हणाली. "डाव्या पायाने."

त्या रात्री आतोबा पोटभर जेवले.