ऐनाचा टहाळ

पुण्यात जंगलविद्येचा वर्ग पुरा करून मी जंगलखात्यात कल्याणला रुजू झालो, तेव्हा मुंबईच्या चुलींना लाकूड पुरवून आसपासचे डोंगर विरळ झाले होते. उरलेल्या रानाला सरकारने नुकत्याच हद्दी घातल्या होत्या. शेतकरी राबासाठी झाडांचा टहाळ तोडतात, त्याने रानाचे किती नुकसान होते ते पाहून सांगायचे, हे काम साहेबांनी माझ्याकडे दिले. नुकसान होतेच, हे त्यांनी मनाशी ठरवलेले होते. खरे सांगायचे तर मीही.

भाताचे रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, टहाळ म्हणजे पाल्याच्या फांद्या, गवत आणि वर माती असे थर घालून उन्हाळ्यात जाळायचे, तो राब. फांद्या बहुतेक ऐनाच्या. ऐन पुन्हा पुन्हा फुटतो, म्हणून लोक दर वर्षी त्याच त्याच झाडांवर कोयता चालवीत.

मलंगगडाच्या पायथ्याशी एका गावात मी राहुटी टाकली. दुसऱ्याच दिवशी सकाळी एक बाई तरातरा आली. पन्नाशीची, विधवा, कासोटा घट्ट खोचलेला. जंगलाच्या रखवालदाराने तिचा कोयता हिसकावून घेतला होता.

"कोयता दे माजा," ती म्हणाली. "जंगल तुमचा असंल. कोयता माजा हाय."

"बाई, हद्दीच्या आत तोडत होता तुम्ही."

"हद्द कवा घातली? झारं माज्या सासऱ्यानं राखलीत. टहाळ नाय, तर रोप कशावर करू?"

गवत आणि पालापाचोळा जाळूनही रोप होईल, असे मी तिला समजावले. पुस्तकात तसे वाचले होते.

"तुमी केलंय कदी?"

मी केले नव्हते. कोयता तिला परत दिला आणि साहेबांची परवानगी काढून तिच्याच शेतात दोन वाफे घातले. एक ऐनाच्या टहाळाचा, दुसरा नुसत्या गवत-पाचोळ्याचा. हद्दीच्या आतल्या तिच्या ऐनांचेही आम्ही भाग पाडले. काही झाडे दर वर्षी तोडायची, काही एक वर्ष सोडून, आणि काही मुळीच तोडायची नाहीत. या शेवटच्या भागावरून ती महिनाभर धुसफुसत होती. कबूल झाली ती रखवालदार पुन्हा आडवा येणार नाही, एवढ्याच अटीवर.

वाफ्यांचा निकाल त्याच पावसाळ्यात लागला. गवताच्या वाफ्यात तणच तण माजले आणि त्यात रोप पिवळट, केविलवाणे उभे राहिले. टहाळाच्या वाफ्यावर नजर ठरत नव्हती, असा हिरवा रंग होता. बाई बांधावर उभी राहून तण उपटत होती. तिच्या जावा माझ्या गवताच्या वाफ्याला पुष्कळ हसल्या. मी तसे साहेबांना कळवले. त्यांनी उत्तर धाडले, की झाडांचे काय ते आधी बघा.

झाडांना वेळ लागतो. माझी राहुटी गेली, कल्याणला बिऱ्हाड झाले, लग्न झाले. दर हिवाळ्यात मी घोड्यावरून त्या गावी जाई. दर वर्षी तोडलेले ऐन मेले नव्हते. खुजे, गाठाळ, पण जिवंत होते. बाई म्हणे, "बघा, काय झालं त्यांना?"

त्याचे उत्तर सापडले एका फाल्गुनात. न तोडलेल्या झाडांखाली मी बसलो होतो आणि आजूबाजूला ऐनाची पंखवाली फळे पडली होती. पाचोळा बाजूला केला तर बोटभर उंचीची रोपे लागली. मी उठून दर वर्षी तोडल्या जाणाऱ्या झाडांखाली गेलो. तिथे फळ नव्हते, रोप नव्हते. बाईला हाक मारली.

"ही झाडं जगतात, पण त्यांना पोर होत नाही," मी म्हणालो. "फुलायच्या आत आपण फांदी काढतो."

ती वाकली, पाचोळा चाळला, पुढच्या झाडाखाली गेली, तिथलाही चाळला. मग तिथेच उकिडवी बसली.

"ही सासऱ्याच्या वेळची," ती म्हणाली. "नवा ऐन मी लगीन होऊन आल्यापासून पायला नाय. मना वाटं, गुरं खातात."

"गुरंही खातातच."

"मग आता सगलाच बंद करनार तुमी?"

"बंद केलं तर तुमचं भात पिवळं पडेल. ते मी पाहिलंय."

तिथेच बसून आम्ही ठरवले. रानाचे तुकडे पाडायचे, एका तुकड्यातून टहाळ काढला की तो पुढची काही वर्षे सोडायचा, शेंडा कधीच छाटायचा नाही, आणि प्रत्येक तुकड्यात फळांसाठी काही झाडे अजिबात हात न लावता राखायची. साहेबांनी माझे टिपण वाचले आणि त्या एका गावापुरती मुभा दिली. बाकी तालुक्यात बंदी होती ती राहिली. मला ते लागले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "एक गाव तर एक गाव," आणि पान वाढायला घेतले.

पुढे माझी ठाण्याला बदली झाली. निघण्यापूर्वी मी त्या गावी निरोप घ्यायला गेलो, तर बाई आपल्या दिराशी भांडत होती. त्याला राबाला टहाळ कमी पडला होता आणि राखलेल्या एका ऐनावर तो चढू पाहत होता. ती बुंध्याला पाठ लावून उभी होती आणि दोघेही तार सप्तकात ओरडत होते. माझ्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. मी घोडा बांधला आणि पलीकडच्या तुकड्यात गेलो. तिथली रोपे आता गुडघ्याला लागत होती. त्यांत ऐनाबरोबर किंजळ होता, धावडा होता, कुणी न लावलेला एक कळंबही होता. मी सावकाश फिरलो. परत आलो तेव्हा दीर हात हलवीत घरी चालला होता. बाईच्या घरी पोचलो तर ती चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती आणि निखाऱ्यावर सुकी मासळी भाजत होती.

"बसा भाऊ," ती म्हणाली, "सुकट चालत नाय ना तुमाला? दूध आनते."