चाचांचा चर

तंबू ठोकण्याआधी चाचा त्या जागेवर उताणे झोपून बघत. थंडीत बहरीनची कुटुंबं वाळवंटात तंबू टाकून राहायला जातात आणि ते तंबू उभारून देणं हा आमच्या कंपनीचा धंदा. माणसं खोळंबलेली, गिऱ्हाईक गाडीत बसलेलं आणि रत्नागिरीचा हा साठीचा माणूस वाळूत डोळे मिटून पडलेला. "पाठीला खडा टोचला तर तंबू भारी असून काय उपयोग?" म्हणत उठायचे आणि दोन हात सरकून पुन्हा आडवे व्हायचे.

तंबू उभा राहिला की भोवती चर खणत. वर्षात चार थेंब पडणाऱ्या मुलखात चर! सगळे हसत, मीही हसलो आहे. "पाऊस येल नायतर नाय येल. पाण्याला वाट देऊन ठेवायची," एवढंच ते म्हणत. एका दुपारी खरंच पाऊस कोसळला. आजूबाजूच्या तंबूंतल्या गाद्या भिजल्या, आमची गिऱ्हाइकं कोरडी राहिली. शाबासकी कंपनीच्या साहेबांनी घेतली.

मी कंपनीच्या सीफ भागातल्या ऑफिसात जाहिराती लिहितो. आमच्या 'अमेरिकन कॅम्पिंग' योजनेच्या पत्रकासाठी तिकडचा इतिहास वाचला होता. शहरात राबून थकलेल्यांना मोकळी हवा मिळावी म्हणून सार्वजनिक बागा झाल्या, लोक तंबू घेऊन रानात जाऊ लागले, सरकारने मोठाली रानं सगळ्यांसाठी राखली. त्या रानांत आधी राहणाऱ्यांना हुसकावलं हेही वाचलं होतं, ते पत्रकात घातलं नाही. शेवटी लिहिलं, 'उघड्या आकाशाखाली सगळ्यांना जागा असते.' चाचांनी ते माझ्याकडून मराठीत दोनदा ऐकलं. "म्हणजे राबणाऱ्यांसाठीच केलं ना हे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्याच वर्षी चाची व्हिजिट व्हिसावर आल्या. तीस वर्षं त्यांनी हे तंबू फक्त फोनवर ऐकले होते. हंगाम संपत आला होता. चाचांनी साहेबांकडे एकच मागितलं, एक तंबू एक दुपार जास्त उभा राहू दे, बायकोला आत बसवून चहा पाजतो. पत्रकांचा गठ्ठा टेबलावरच होता. साहेब मान वर न करता म्हणाले, "चाचा, जगह नहीं है." नजर जाईल तिथपर्यंत मोकळी वाळू पडलेली आणि म्हणे जागा नाही. मला आजही त्या माणसाचा संताप येतो आणि त्याहून जास्त माझा. मी तिथेच उभा होतो, तोंड उघडलं नाही. माझा व्हिसा त्याच आठवड्यात रिन्यू व्हायचा होता.

चाची सनाबिसमधली चाचांची खोली आणि मॉल बघून परत गेल्या. पुढच्या वर्षी चाचाही कायमचे गावी परतले. निघताना म्हणाले, "काय नाय भाऊ, मोबाइलवर दाखवला तिला चर." टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

यंदाच्या पत्रकावर चाचांच्या चराचा फोटो आहे, खाली 'आमची खासियत'. माझं ते शेवटचं वाक्य मात्र मी खोडलं. साहेबांनी विचारलं, "वो लाइन क्यूँ निकाली? अच्छी थी."

उत्तर तोंडाशी आलं होतं.

"जगह नहीं थी, साब," मी म्हणालो.