सीतादह्याची मानकरीण

बायको जाऊन सव्वा महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, सुधरून लिहिता येत नाही. पण ही गोष्ट पोटात ठेवून मरायचं नाही मला.

रोहिणखेडच्या अंगाला आमचं गाव. तिथं मी एका मालकाकडं सालदार होतो, म्हणजे वर्षाचा बांधलेला गडी. बायको त्याच्याच शेतात रोजानं कापूस वेचायची. वेचणाऱ्या बायांत ती पुढची. वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही तीच करायची. पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या झाडाच्या, बुडाशी सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभात ठेवायचा, मगच पहिलं बोंड वेचायचं. मालक दरसाल म्हणायचा, "तुह्या हाताले बरकत हाये." तिला ते फार वाटायचं. मलाही.

मोठ्या दुष्काळानंतर सरकारनं शेतमजुरीचा दर बांधला. चावडीतल्या रेडिओवर ऐकलं. बायांना मिळत होतं त्याच्या कितीतरी वर होता तो. मी म्हणालो, "थांब जराशी." ती कशाची थांबते. बाया घेऊन मालकाच्या ओसरीवर गेली. मालक गोड हसला. "देतो ना बाई, काऊन नाही देणार? एवढा हंगाम जाऊ दे."

कोणीतरी वर कळवलं असावं. घाट उतरून बुलढाण्याचा साहेब येणार असं कानावर आलं, तसं मालकानं मला गोठ्यात गाठलं. "साहेबानं विचारलं तर बाया घरच्या हायेत म्हण. घरच्याले दर लागू नाही. हंगाम संपला की तुह्या बायकोले सरकारी दर. शब्द देतो."

साहेब जीपनं आला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून विचारलं, "या बाया रोजानं आहेत का?"

"रोजानं कशाच्या, साहेब? घरच्या हायेत," मालक म्हणाला. "ही पाहा, माह्या शेताचं सीतादही हीच करते. रोजाच्या बाईले कोणी करू देते काय?" मग माझ्याकडं वळला. "काऊन रे, खरं हाये ना?"

बायको कमरेला कापसाची ओटी बांधून उभी होती. माझ्या तोंडाकडं पाहत होती.

"हो साहेब, घरच्याच," मी म्हणालो.

नुसता भिऊन नाही बोललो. चारचौघांत मालक आम्हाला घरचं म्हणाला म्हणून छाती फुगली होती माझी. इतका बेअक्कल. साहेबानं लिहून घेतलं, चहा पिला, गेला.

हंगाम संपला. शब्दाची आठवण द्यायला गेलो तर मालक म्हणे, "घरचं माणूस कवा रोजी मागते काय बे?" ओसरीवरचे सगळे हसले.

घरी बायको एवढंच बोलली, "माह्या सीतादह्यातच त्यानं मले गाडलं. माती तुम्ही लोटली."

पुढच्या साली वेचणीचं बोलावणं आलं. तिनं दहीभाताचं गाडगं घेतलं, पण शेतात गेली नाही. मालकाच्या घरी गेली, मालकिणीच्या पुढ्यात ठेवलं. "घरचं शेत हाये, घरच्या बाईनं करावं." मालकिणीनं जन्मात पराटीला हात लावला नव्हता. ती नुसती गाडग्याकडं पाहत राहिली.

तिचा रोज गेला, माझं साल मोडलं. मग बायकोनं रोजगार हमीच्या रस्त्यावर गिट्टी फोडली. हात सोलून निघायचे. पण हजेरीपटावर आपलं नाव मजूर म्हणून लिहिलंय, हे तिनं मला दोनदा सांगितलं. मला जन्मभर भाकर वाढली, पण पुन्हा कुठं साक्षीला बोलावलं नाही. रेशनच्या दुकानात भांडण झालं तरी म्हणायची, "तुम्ही नका बोलू."

तेराव्याला मालक आला. थकलेला, काठी टेकत. लोकांसमोर म्हणाला, "आमच्या घरचीच बाई होती."

"नाही, मालक," मी म्हणालो. "मजूर होती. तुमच्या शेतातली रोजाची मजूर."

मालक काठी घेऊन उठला. मी भिंतीकडं पाहिलं, जिथं ती टेकून बसायची.