आत्याचा नियम क्रमांक चार

माझी आत्या एकोणतीस वर्षं एका कचेरीत जुन्या फायली सांभाळायच्या खोलीत होती. भिंती करड्या, कपाटं करडी, फायलींचे पुठ्ठे एके काळी कुठल्या तरी रंगाचे असतील, पण तेही शेवटी करडेच झालेले. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने जाहीर केलं, आता मी रंग शिकणार. घरच्यांना वाटलं, फुलंबिलं काढत बसेल, तेवढाच वेळ जाईल. तिने नाव घातलं ते नवशिक्यांना डिझाइनमधले रंग शिकवणाऱ्या, दर मंगळवारच्या वर्गात. आणि वर माझ्याकडे येऊन म्हणाली, तुझ्या दुकानात मला कामाला घे.

माझं दुकान पाट्या रंगवायचं. मी तोंडाची फटकळ, आणि शिकाऊ माणसं माझ्याकडे आठवडाभर टिकत नाहीत. पण आत्याला नाही कोण म्हणणार? मी सांगितलं, "एक पाटी देईन. जमली तर रोज ये. चुकली तर घरी बसायचं, आणि रुसायचं नाही." आत्याने ही अट वहीत लिहिली आणि खाली माझी सही घेतली. कचेरीतली सवय.

वर्गात जे जे सांगत त्या सगळ्याला ती क्रमांक द्यायची. नियम एक, मूळ रंग तीन, बाकीची सगळी त्यांची पोरंबाळं. नियम दोन, लाल-पिवळे रंग उबदार, ते पुढे येतात. निळे थंड, ते मागे सरतात. नियम तीन, एका कामात रंग तीनच घ्यायचे, एकाला मोठी जागा, दुसऱ्याला थोडी, तिसऱ्याला चिमूटभर. नियम चार, रंगचक्रावर समोरासमोर बसलेले रंग एकमेकांना उठाव देतात. हे नियम स्वतःपुरते ठेवले तर ती आत्या कसली! माझ्या निळ्या बादलीतला निळा मग जाऊन नारिंगी आला. शेजारच्या काकांना तिने सांगितलं की तुमचा स्वेटर आणि तुमचं दार एकाच रंगाचं आहे, दारात उभे राहिलात की नुसतं डोकं दिसतं. काका हल्ली गॅलरीत उभे राहतात.

तिच्या वाट्याला आली ती चष्म्याच्या दुकानाची पाटी. मी नेमकी दोन दिवस बाहेरगावी होते. परत येताना कोपऱ्यावरूनच ती पाटी दिसली आणि मी कपाळाला हात लावला. हिरव्यागार पत्र्यावर लालभडक अक्षरं! समोरासमोरचे रंग, नियम चार, एकदम कडक अंमलबजावणी. अक्षरांच्या कडा नुसत्या थरथरत होत्या. वाचायला जावं तर ओळ हलायची. लाल आणि हिरवा, दोघंही सारख्याच ताकदीचे, त्यामुळे कुणी मागे हटायला तयार नाही. हे मला पहिल्या नजरेत कळलं, आणि आत्याला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत मी रस्ता ओलांडला.

तेवढ्यात चष्मेवाले हसत बाहेर आले. म्हणाले, पाटी लागल्यापासून दुकानात पाय ठेवायला जागा नाही. माणसं समोर थांबतात, डोळे चोळतात, पुन्हा बघतात आणि तडक आत येऊन म्हणतात, जरा डोळे तपासा. त्यांना यामागचं कारण माहीत नव्हतं, आणि त्यांची ते शोधायची तयारीही दिसत नव्हती. त्यांची आणखी दोन दुकानं होती, त्यांच्या पाट्याही त्यांना हव्या होत्या, त्याच बाईंकडून, अगदी अश्शाच.

मी मूग गिळून गप्प बसले. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात, पण बसले. आत्याने विचारलं, कशी झालीय गं? मी म्हटलं, लोक थांबून बघतायत. हे खोटं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट होतं. आत्याचा चेहरा इतका खुलला की मला तिच्याकडे बघवेना.

ती रोज दुपारी समोरच्या फुटपाथवर उभी राहून आपली पाटी बघून यायची. मंगळवारी वर्गात नियम पाच आला. रंग कुठलाही घ्या, पण अक्षर आणि पार्श्वभूमी यांत एक गडद आणि एक फिका हवा. पारख करायची तर फोनवर काळा-पांढरा फोटो काढून बघा. बुधवारी सकाळपासून आत्या जे दिसेल त्याचे काळे-पांढरे फोटो काढत सुटली. चहाचा कप झाला, मी झाले, काकांचं दार झालं. दुपारी ती आपल्या पाटीसमोर पोचली.

तिथे आधीच एक बाई उभ्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या, घर त्यांच्या सुईवर चालतं. आज सकाळीच त्यांनी बारीक टाक्याचं काम पुरं केलं होतं, आणि आता समोरची एवढी मोठी अक्षरं लागत नव्हती. त्या आत्याला म्हणाल्या, "अहो, मला अक्षरं नाचताना दिसतायत. माझे डोळे गेले की काय?" बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. आत्या धीर द्यायला म्हणून ओळ वाचू लागली आणि मध्येच थांबली. तिने फोन काढला, फोटो घेतला. फोनमध्ये पाटी नव्हतीच. एक करडा पत्रा होता, सपाट, वर एक अक्षर नाही.

मी दुकानात बसले होते तर समोरून वरात यावी तशी तिघं येताना दिसली. पाटीचं एक टोक आत्याने धरलेलं, दुसरं शिवणवाल्या बाईंनी, आणि मागून चष्मेवाले तावातावाने बोलत. आत्याने कुणाला न विचारता शिडी लावून पाटी उतरवली होती. चष्मेवाले म्हणत होते, इतकी चांगली चाललेली पाटी, लोक थांबतात, तुमचं काय बिघडतंय?

आत्याने पाटी भिंतीला टेकवली. "दुकान लोकांना नीट दिसावं म्हणून आहे ना तुमचं?" ती म्हणाली. "मग माणसाला आधी घाबरवायचं आणि आत ढकलायचं, हे कुठल्या नियमात बसतं? या बाई आता रडत होत्या, माझ्या पाटीपायी." चष्मेवाल्यांनी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे अजून ओले होते. मग ते खाली बघून म्हणाले, करा काय करायचं ते.

या वेळी तिने आधी नुसत्या काळ्या पेन्सिलने कागदावर पाटी काढून पाहिली, मग रंगाला हात घातला. पार्श्वभूमी गडद निळी, अक्षरं फिकी पिवळी, आणि खालच्या रेघेपुरता चिमूटभर लाल. दोन दिवसांनी ती वाळून जागेवर चढली. शिवणवाल्या बाई पलीकडच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळी पाटी मोठ्याने वाचली, फोन नंबरासकट. आजूबाजूचे लोक बघायला लागले तरी त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आत्या दुकानात आली ती वही उघडूनच. आपला ब्रश धुऊन, पुसून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "पहिली पाटी चुकली. ठरल्याप्रमाणे मी घरी."

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. ती चूक मला पहिल्याच दिवशी दिसली होती, कोपऱ्यावरूनच. आणखी दोन पाट्यांच्या लोभाने मी गप्प राहिले. "तू चुकलीस ती माहीत नव्हतं म्हणून," मी म्हटलं. "मी माहीत असून गप्प बसले. मग घरी कुणी बसायचं?"

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे गं, आपलंच माणूस. आत्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वहीतली अट वाचली, खालची माझी सही पाहिली. मग ब्रश परत आपल्या हातात घेतला.

"तू बस," ती म्हणाली. "दोन दिवस. आणि रुसायचं नाही."

मी खरंच दोन दिवस घरी बसले.