साडेतीन किलो बोकड कुठे गेला

तिसगावच्या बाजारातल्या बोकडांच्या दलालाने मला साडेतीन किलोला फसवलं. बोकड माझा होता, काटा त्याचा.

दोन शेळ्यांवर मी धंदा उभा केला आणि सौद्यात आजवर कुणाला पुढे जाऊ दिलं नाही, म्हणून हे जास्त झोंबतं. त्या सकाळी गावातल्या गिरणीच्या काट्यावर बोकड अडतीस किलो भरला होता. निघताना पाणी पाजलं होतं, ते सगळेच पाजतात. बाजारात त्याला झोळीत घालून टांगत्या काट्याला अडकवलं. आमच्याकडची रीत अशी की काटा बांबूला बांधायचा. बांबूचं एक टोक दलालाच्या खांद्यावर, दुसरं विकणाऱ्याच्या. आकड्यांच्या तबकडीचं तोंड दलालाकडे. बोकड लाथा झाडत होता, झोळी झुलत होती, आणि दलाल ओरडला, "साडेचौतीस!"

"घरी अडतीस भरला होता."

"जीपनं आणलात न्हवं शेठ? ऱ्हायलेला वाटंत सांडला आसंल."

लोक हसले. मी शिवी हासडली, पण बोकड दिला. आकडा मी पाहिलाच नव्हता, भांडू कशावर?

घरी आलो तर मुलगी सहावीचं विज्ञान मोठ्याने वाचत बसलेली. गतीचे प्रकार. झोक्याची आंदोलित, पंख्याच्या पात्याची वर्तुळाकार, सरळ रस्त्यावरच्या गाडीची रेषीय, फुलपाखराची यादृच्छिक, म्हणजे कशीही.

"लाथा झाडणाऱ्या बोकडाची कोणती?" मी विचारलं.

"कशीही. आन् झोळीची आंदोलित. पण पप्पा, पुस्तकात बोकड न्हाई."

पुस्तकात नसला तरी माझ्या डोक्यातून तो जाईना. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून टांगता काटा आणला, वीस किलो बाजरीचं पोतं अडकवलं आणि बांबूचं दुसरं टोक बायकोच्या खांद्यावर दिलं.

"बोकड गेला, आता मला जुंपा," ती म्हणाली.

आधी पोत्याला वर-खाली हिसके दिले. काटा विसाच्या खाली जितका जायचा, तितकाच वर यायचा. म्हणजे बोकडाच्या लाथांचा दोष नव्हता. मग मी गुडघे वाकवत माझं टोक सावकाश, एकाच वेगाने खाली नेलं. पोतं खाली चाललंय आणि काटा विसावर ढिम्म! याचं मला फार नवल वाटलं. मग एकदम वाकलो. पोतं खाली निघालं त्या क्षणी काटा अठरावर घसरला, आणि थांबलं तेव्हा बावीसवर उडाला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. वाट तीच, सरळ वरून खाली. पण निघताना वजन कमी, चालताना बरोबर, थांबताना जास्त. बाजरीचा दाणाही सांडला नव्हता. जेवण विसरून मी वाकत राहिलो.

"तुमी खाली बसता तवा माझा खांदा घडीभर हलका हुतो," बायको म्हणाली.

मी जागीच थांबलो. बाजारात माझाही खांदा हलका झाला होता. मला वाटलं, दलालाने भार स्वतःकडे ओढून घेतला. मनातल्या मनात मी त्याला भला माणूस म्हटलं होतं!

पुढच्या बाजारी काही न विकता त्याच्यामागे उभा राहिलो. तीन बोकड तोलताना पाहिले. तिन्ही वेळा त्याचा गुडघा वाकला, आणि वाकायला सुरुवात झाली त्याच क्षणी आकडा तोंडातून बाहेर. थांबल्यावर एकदाही नाही. इतकं नेमकं मला घरी शंभरदा करूनही जमलं नव्हतं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"गुडघा दुखतोय, शेठ. वय झालं."

गुडघा दुखतो तर दुखू दे. पण तो आकडा बोलतानाच कसा दुखतो, आणि बोकड खाली उतरवून ठेवताना का दुखत नाही, हे त्याने भर बाजारात सांगावं. माझा पुढचा बोकड तोलताना बांबूचं माझं टोक दुसऱ्या कुणीतरी धरावं. मी तबकडीसमोर उभा राहून ऐकणार आहे.